परक्या युद्धात जाणारी पोरं: गारदी की उचल घेतलेले मजूर?

गोदाकाठ (धागा सुरू करणारा)

फेब्रुवारी २०२२ पासून रशिया-युक्रेन युद्ध चालू आहे. रशियाच्या बाजूच्या खंदकांत आपल्या देशातली पोरं बसलीत हे २०२४ च्या सुरुवातीला उघड झालं. ७ मार्च २०२४ ला सीबीआयनं १३ ठिकाणी छापे घातले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं हिशेब दिला: माहीत असलेली प्रकरणं १२६, परत आलेले ९६, मेलेले १२, उरले १८. त्या १८ पैकी १६ रशियाच्याच नोंदीत बेपत्ता.

आपल्याकडच्या ग्रुपवर या पोरांना सरसकट 'भाडोत्री' म्हणतात. मला ते पटत नाही. बीड-धारूरकडच्या माणसाला हा व्यवहार नवा नाही. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आधी उचल (आगाऊ पैसे) देतो, मग कोयता, म्हणजे तोडणारं जोडपं, बांधला जातो. हंगाम अर्धा टाकून आलात तर उचल अंगावर. इथं फक्त पैसा उलटा फिरतो. पोरगं एजंटला तीन-साडेतीन लाख देतं, तेही बहुतेक सावकाराचे किंवा जमीन गहाण टाकून आणलेले. तिथं गेल्यावर 'परत जातो' म्हणायची सोयच उरत नाही.

साखळी अशी चालते. व्हिडिओत नोकरी दाखवतात 'हेल्पर' किंवा 'सिक्युरिटी'ची. प्रवास पर्यटक व्हिसावर. १ ऑगस्ट २०२३ पासून रशियानं भारतीयांना ई-व्हिसा सुरू केला, तेव्हा त्यावर राहायला मिळायचे १६ दिवस. उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतात. दिवस संपले की पोरगं बेकायदा, मग समोर सैन्यभरतीचा कागद येतो. पंजाब-हरियाणाच्या काही पोरांना तर रशियातून व्हिसा नसताना बेलारूसला नेलं, तिथं ती पकडली गेली, आणि पुढे 'तुरुंग की सही' एवढंच उरलं.

म्हणून माझं मत: गुन्हा एजंटवर हवा, पोरावर नको.

सातबारा_कोरा

भाऊ, उपमा छान आहे पण लंगडी आहे. ऊसतोड मजुराच्या हातात कोयता असतो, त्यानं ऊस पडतो. इथं हातात रायफल आहे, समोर माणूस आहे. तोही कुणा शेतकऱ्याचाच पोरगा. युक्रेननं आपलं काय घोडं मारलंय?

आणि फसवलं-फसवलं किती दिवस म्हणायचं? मार्च २०२४ नंतर प्रत्येक मराठी वाहिनीवर बातमी होती. रशियन दूतावासानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की एप्रिलपासून भारतीयांची भरती बंद केली. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाला पुन्हा 'असल्या नोकऱ्यांच्या नादी लागू नका' म्हणायची पाळी आली. भरती अकादमीत पहाटे चारला उठून १६०० मीटर पळणारं पोरगं युद्ध चालू असलेल्या देशात महिना दोन लाखांची 'हेल्परकी' कशी असते, एवढं ओळखत नाही? ओळखतं. जुगार खेळतं. जुगारी म्हणा, भाडोत्री म्हणा, पण लेकरू म्हणून पदराखाली घेऊ नका.

वकील_लातूर

दोघंही 'भाडोत्री' हा शब्द शिवी म्हणून वापरताय. कायद्यात त्याची मोजून व्याख्या आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारातलं (प्रोटोकॉल) कलम ४७. सहा अटी आहेत आणि सहाच्या सहा लागू व्हाव्या लागतात: खास लढाईसाठी भरती झालेला, प्रत्यक्ष लढणारा, मुख्य हेतू पैसा आणि तोही त्याच हुद्द्याच्या स्थानिक सैनिकापेक्षा बराच जास्त, लढणाऱ्या देशाचा नागरिक वा रहिवासी नसलेला, त्या देशाच्या सैन्यात दाखल नसलेला, आणि तिसऱ्या देशानं अधिकृतपणे न पाठवलेला.

पाचवी अट बघा. पोरानं रशियाच्या संरक्षण मंत्रालयाच्या करारावर सही केली की तो त्यांच्या सैन्यात दाखल झाला. म्हणजे व्याख्येबाहेर. पकडला गेला तर तो युद्धकैदी, आणि नुसतं लढल्याबद्दल त्याच्यावर खटला चालवता येत नाही. कागदावर हे असं. प्रत्यक्षात जून २०२२ मध्ये दोनेत्स्कच्या रशियाधार्जिण्या न्यायालयानं युक्रेनच्या सैन्यात रीतसर दाखल असलेल्या दोन ब्रिटिशांना आणि एका मोरोक्कनला भाडोत्री ठरवून देहदंड सुनावला. सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले म्हणून वाचले. पकडणाऱ्याच्या मनात आलं तर व्याख्या बाजूला राहते.

आता आपला कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम १५३: भारताशी शांततेचे संबंध असलेल्या परदेशी सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. सातबारा, तुम्हाला हवं ते कलम हे. पण खटल्याला सरकारची मंजुरी लागते. आणि परत आलेल्या पोराला आरोपी केलं की एजंटविरुद्धचा साक्षीदार गेला. सीबीआयनं फसवणूक, कट आणि मानवी व्यापाराची कलमं लावली, ती याच कारणानं शहाणपणाची.

खरी फट वेगळीच आहे. दहावी नापास माणसाला १८ देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते. आखाती देश, मलेशिया, इराक, लिबिया वगैरे. त्या यादीत रशिया नाही. शिवाय दहावी पास झालं की यादीतल्या देशांसाठीही मंजुरी नाही. म्हणजे सौदीत गवंडीकामाला जाणाऱ्याची तपासणी होते आणि युद्ध चालू असलेल्या देशात जाणारा विमानतळावर शिक्का मारून निघून जातो.

एक आकडा मात्र लिहून ठेवा. नोंदणीकृत एजंटला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. पावती बँकेतूनच. तीन लाख रोख मागणारा कितीही गोड बोलो, तो पहिल्याच वाक्यात गुन्हा करतो.

उदगीरकर

मी तिसरीच बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी ठेवून.

आमच्या मातीत भाडोत्री हा शब्द एवढा घाण नव्हता. इब्राहिमखान गारदी (गारदी म्हणजे पगारी कवायती शिपाई) आधी निजामाकडं होता, फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला त्याच्याच तोफांनी निजामाला टेकीला आणलं, आणि जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊसाहेबासाठी जखमी होऊन पकडला गेला, मारला गेला. पगारी होता, फितूर झाला नाही. जगभर पगारी सैनिक जातातच की. नेपाळी गुरखे जातात. फ्रान्सची फॉरेन लिजन १८३१ पासून चालू आहे: वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस, पहिला करार पाच वर्षांचा, तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, आणि भरतीला एक पैसा लागत नाही. अट एकच, स्वतःच्या खर्चानं फ्रान्सच्या दारात जाऊन उभं राहायचं. एजंट नाहीच.

इथं अग्निवीराला पहिल्या वर्षी हातात २१,००० आणि चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांनाच कायम नोकरी. उरलेले कुठं जाऊलालेत ते तुम्ही सांगा. सज्ञान माणसानं डोळे उघडे ठेवून परकं सैन्य निवडलं तर तो त्याचा हक्क आहे. बंदी घातली की धंदा एजंटच्या हाती जातो. नेपाळनं जानेवारी २०२४ मध्ये रशिया-युक्रेनला जायचे कामाचे परवाने बंद केले. परवाना घेऊन जाणारे थांबले असतील, पर्यटक म्हणून जाणाऱ्याला परवाना लागतच नाही.

जालन्याचा_पाहुणा

उदगीरकर, गारद्याचं नाव काढलंत तर ३० ऑगस्ट १७७३ पण काढा. शनिवारवाड्यात नारायणरावाला कुणी मारलं? थकलेल्या पगाराचा गलका करत आत शिरलेले गारदीच होते.

आणि आमच्या जिल्ह्यातलं असई विसरू नका, २३ सप्टेंबर १८०३. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर युरोपियन अधिकारी होते. लढाईच्या आधीच इंग्रजांनी जाहीरनामा काढला, शिंद्यांची चाकरी सोडा, आम्ही तुमची सोय लावतो. बरेच गेले. पोलमन नावाचा हानोवरचा माणूस थांबला, लढला आणि पुढं कंपनीच्याच नोकरीत दिसला. तोफांवरचे गोलंदाज मात्र जागेवर कापले गेले. त्यांना कुठला जाहीरनामा नव्हता. भाडोत्री सैन्यात दोन वर्ग असतात, करार वाचता येणारे आणि न येणारे. आपली पोरं दुसऱ्या वर्गात जातात.

सुभेदार_निवृत्त

कायदा आणि इतिहास चालू द्या. मी फक्त लढाईच्या बाजूनं लिहितो, कारण 'हक्क आहे' म्हणणाऱ्याला तिथं काय होतं ते माहीत असावं.

आपल्याकडं अग्निवीराचं प्रशिक्षण साधारण सहा महिने. तिथं परदेशी माणसाला दोन आठवडे मिळाल्याच्या तक्रारी आहेत. दोन आठवड्यांत रायफल उघडणं-जोडणं, नेम, ग्रेनेड एवढंच होतं. सेक्शननं, म्हणजे छोट्या तुकडीनं, हलायचं कसं, एकानं गोळीबार चालू ठेवायचा आणि दुसऱ्यानं सरकायचं, हे होत नाही. त्यात हुकूम रशियनमध्ये. 'झोप' आणि 'पळ' यातला फरक अर्ध्या सेकंदात कळला नाही की संपलं. कमांडर अशा माणसाला अवघड काम देत नाही. त्याला देतो दारूगोळा वाहायला, खंदक खणायला, जखमी ओढून आणायला. ऐकायला सोपं वाटतं. पण या युद्धात उघड्यावर चालणारा माणूस हेच ड्रोनचं पहिलं गिऱ्हाईक.

जखमेचं गणित पण बघा. पायातून रक्त उसळत असेल तर टुर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटरवर बांधायचं, गुडघ्या-कोपरावर नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचं, वेळ लिहायची. दोन तासांत डॉक्टरकडं गेला तर पाय बऱ्याचदा वाचतो, सहाच्या पुढं आशा फार कमी. आणि ड्रोनमुळे दिवसा गाडी पुढं येऊ शकत नाही, अंधाराची वाट बघावी लागते. सकाळी आठला लागलेल्या माणसाचं काय होत असेल, हिशेब करा.

फ्रान्सच्या लिजनशी तुलना म्हणून चुकीची आहे. तिथं आधी भाषा आणि कवायत महिनोन् महिने घोटून घेतात.

अंबाजोगाईची_ताई

पैशाचं कुणी बोललंच नाही, आणि सगळं त्यावरच तर अडलंय.

महिना दोन लाख रुबल म्हणतात. रुबल रुपयाच्या आसपासच फिरतो, म्हणजे आकडा खोटा नाही. पण तो जमा होतो रशियन बँकेच्या खात्यात, मिळतं रशियाचंच 'मीर' कार्ड. मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डनं तिथलं काम थांबवलंय, बऱ्याच बँका स्विफ्टमधून (देशादेशांतल्या बँकांना जोडणारं जाळं) बाहेर आहेत. ते कार्ड आपल्या एटीएममध्ये घातलं तर बाहेर येईल तसंच. पैसे घरी पाठवायला मधला माणूस लागतो, आणि तो मधला माणूस पुन्हा एजंटच. कार्ड आणि पिन त्याच्या हातात गेला की पगार कुणाचा, तुम्हीच ठरवा. इकडं सावकाराचं व्याज शेकडा तीन-चारनं दर महिन्याला चढतंय.

मेल्यावरचं आणखी अवघड. मार्च २०२२ च्या आदेशानं रशिया मृत सैनिकाच्या घरच्यांना ५० लाख रुबल देतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला हवा. मृतदेह दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात पडला तर माणूस 'बेपत्ता'. बेपत्त्याचा दाखला नाही, भरपाई नाही. इथं वारसाची नोंद करायला तलाठ्याकडं गेलात तर तोही दाखलाच मागणार, नाहीतर सात वर्षं थांबून कोर्टातून मृत ठरवून घ्या. अपघात विम्यात युद्ध बहुतेक वगळलेलं असतं. बायको विधवाही नाही आणि सवाष्णही नाही, अशी घरात बसते.

उदगीरकरदादा, हक्क त्याचा मान्य. पण कर्जाच्या कागदावर जामीनदार कोण, ते पण बघा.

सातबारा_कोरा

ताई, हे बरोबर. एवढ्यापुरतं मी मागं येतो: पहिल्या खेपेला गेलेल्यावर कलम १५३ नको. पण परत येऊन दुसऱ्यांना नेणारा? साखळीत काल गेलेलाच आज व्हिडिओत 'मस्त चाललंय' म्हणताना दिसतो. त्याला मात्र पीडित म्हणू नका.

गोदाकाठ

मान्य. मुकादमही आधी कधीतरी कोयताच असतो.

उदगीरकर

मी मागं येत नाही. बंदी आणि गुन्हा दोन्हीनं एजंट जाड होतो. १८ देशांच्या यादीत रशिया घातला तरी दहावी पासची फट राहतेच, वकीलसाहेब.

वकील_लातूर

राहते, म्हणून तुमचं अर्धं खरं. यादी शिक्षणावर न ठेवता कामावर ठेवायला हवी. पर्यटक व्हिसावर एकटा निघालेला बावीस वर्षांचा पोरगा, परतीचं तिकीट नाही, हॉटेलचं बुकिंग नाही, एवढं विमानतळावर सहज दिसतं. पण आज त्याला थांबवायचा स्पष्ट आधार अधिकाऱ्याकडं नाही.

आणि कागद समोर आलाच तर ओळखायचा कसा, ते सांगून ठेवतो. मथळा फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून बघायचा. 'कोन्त्राक्त' म्हणजे करार, तो नोकरीचाही असतो. पण त्यापुढं 'वोयेन्नय स्लुझ्बी' असा उच्चार आला तर ती लष्करी सेवा, मग आत पगार काहीही लिहिलेला असो. मुदत एक वर्ष दिसेल. तिच्यावर विसंबू नका. २१ सप्टेंबर २०२२ च्या आदेशानं तिथल्या करारी सैनिकांचे करार मुदत संपली तरी संपत नाहीत, आदेश उठेपर्यंत चालू राहतात.

परभणी_एक्सप्रेस

आणि पोरगं आधीच गेलेलं असेल तर घरच्यांनी काय करायचं? आमच्या भागात विचारणारे आहेत.

वकील_लातूर

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत शोधा. घरी नसेल तर पासपोर्ट कार्यालयात अर्जाच्या नोंदीवरून क्रमांक मिळतो. तो घालून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार, तीच मॉस्कोच्या दूतावासाला ईमेलनं. पोरानं शेवटचं लोकेशन, युनिटचा नंबर, गळ्यातल्या बिल्ल्याचा फोटो काही पाठवलं असेल तर मूळ फाइल जपा, फॉरवर्ड केलेली चालत नाही, तिच्यातली वेळेची नोंद जाते. एजंटला दिलेल्या पैशाचे यूपीआयचे स्क्रीनशॉट वेगळे काढा आणि पोलीस ठाण्यात फसवणुकीसोबत मानवी व्यापाराचं कलम १४३ लावायला लेखी सांगा. ठाणेदार नुसती फसवणूक लिहून मोकळा होऊ बघेल. बेपत्ता कळवलं असेल तर आई किंवा वडिलांचा डीएनए नमुना द्यायची तयारी आत्ताच दाखवा.

परभणी_एक्सप्रेस

बिल्ल्याचा फोटो आहे एकाचा. विचारून सांगतो.