मदत हवी आहे : सज्ज्यावरचा मोठा कोळी आणि मुलीच्या मानेवरचे फोड (नागपूर)

नमस्कार.

आम्ही नागपुरात मानेवाडा भागात पहिल्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी आहे. तान्हा पोळा जवळ आल्यामुळे मुलीचा लाकडी नंदी काढण्यासाठी मी परवा दुपारी सज्ज्यावर चढले होते. नंदी जुन्या चादरीत गुंडाळून, पाऊस लागल्यावर काढून ठेवलेल्या कूलरच्या ताट्यांमागे ठेवला होता. एक ताटी बाजूला सरकवली, तर तिच्यामागे भिंतीला चिकटून माझ्या तळहाताएवढा कोळी बसलेला दिसला. त्याचा रंग तपकिरी आहे, अंग चपटे आहे, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत आणि डोळ्यांच्या खाली फिकट पिवळसर पट्टा आहे. पोटाखाली त्याने नाण्याएवढी पांढरट, चपटी चकती घट्ट धरून ठेवली होती. मी इतक्या जवळ असूनही तो पळाला नाही. फक्त त्या चकतीसह दोन बोटे मागे सरकला. आसपास जाळे कुठेही नव्हते.

एवढ्यावर मी हा धागा काढला नसता. परंतु काल संध्याकाळी मुलीच्या मानेच्या उजव्या बाजूला बोटभर लांबीचा लाल पट्टा दिसला आणि आज सकाळी त्यावर बारीक, पिवळसर फोड आले आहेत. खाज फारशी नाही, पण आग होते म्हणून ती मान वळवत नाही. ताप नाही आणि खाणेपिणे नेहमीसारखे आहे. सासूबाईंनी पाहताच "कोळी मुतला" असे सांगितले आणि आमचूर पाण्यात कालवून लावायला सुचवले. त्यांच्या माहेरी हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यामुळे त्यांचे मन मोडणे मला बरे वाटत नाही. तरीही लहान मुलीच्या फुटलेल्या कातडीवर आंबट काही लावायला माझा हात धजावला नाही.

फवारणी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला मी कोळ्याचा फोटो पाठवला. हा अत्यंत विषारी असून त्या चकतीतून दोनशे पिल्ले निघतील, तेव्हा संपूर्ण घरात फवारणी करून घ्या आणि दोन दिवस बाहेर राहा, असे त्याचे म्हणणे आहे. हा कोळी खरोखर धोकादायक आहे का, मुलीच्या मानेवरचे फोड त्याच्यामुळे आले असावेत का, आणि तो झोपेत माणसाला चावू शकतो का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. फवारणीचा निर्णय उद्यापर्यंत कळवायचा आहे, म्हणून कृपया लवकर लिहावे.

प्रतिसाद १ (कोळ्यांचे निरीक्षण करणारा एक वाचक)

ताई, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की ओळखायला अडचण नाही. जाळे नसणे, चपटे अंग, खेकड्यासारखे पाय, डोळ्यांखालचा फिकट पट्टा आणि पोटाखाली धरलेली चकती या साऱ्या खुणा हंट्समन कोळ्याच्या मादीच्या आहेत. तिचे शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. उष्ण प्रदेशांत ती जगभर आढळते आणि माणसांच्या घरांत राहणे तिच्या अंगवळणी पडलेले आहे. ती जाळे विणून वाट पाहत बसत नाही. दिवसा फटीत किंवा सामानामागे दबून राहते आणि रात्री भिंतींवर फिरून शिकार करते. तिचे आवडते खाद्य झुरळे आहे. आपल्या सज्ज्यावर ती आहे याचा अर्थ तिथे तिला खायला काहीतरी मिळत आहे, हेही लक्षात घ्यावे.

ती पांढरी चकती म्हणजे तिने रेशमाने विणलेली अंड्यांची पिशवी आहे. तीत दीडशे-दोनशे अंडी असतात, इतके त्या माणसाने बरोबर सांगितले. ही पिशवी ती तोंडाजवळच्या हातासारख्या अवयवांनी धरून पिल्ले बाहेर येईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, सोबत वागवते आणि त्या काळात बहुधा उपाशी राहते. आपल्याला पाहून ती पळाली नाही, त्याचे कारण हेच. पिल्ले बाहेर पडली की एकत्र राहत नाहीत, पांगतात. त्यांतली बहुतेक पाली, मुंग्या आणि इतर कोळी यांच्या तोंडी पडतात. दोनशे मोठे कोळी घरभर फिरत आहेत, असे चित्र कोणत्याही घरात दिसत नाही.

आता विषाविषयी. जवळजवळ सर्वच कोळ्यांना विष असते, कारण कीटकाला निपचित पाडण्याचे तेच त्यांचे साधन आहे. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. माणसाच्या जिवाला धोका होईल असे विष त्यांतल्या अगदी मोजक्या गटांकडे आहे. हंट्समन त्यांत नाही. तिला हातात दाबले, अंगाखाली चिरडले किंवा पिशवी हिसकावली तर ती चावेल, आणि मग त्या जागी दुखेल आणि थोडी सूज येईल. गांधीलमाशी डसल्यावर होते तेवढे किंवा त्याहून कमी. झोपलेल्या माणसाकडे मुद्दाम जाऊन चावण्याचे तिला काही कारण नाही. कोळी रक्त पीत नाहीत, आणि श्वासामुळे व कुशीवर वळण्यामुळे होणाऱ्या कंपनांवरून झोपलेला माणूस त्यांना एखाद्या मोठ्या जनावरासारखा जाणवतो, ज्यापासून दूर राहावे असा.

कोळी घरात असणे आणि कोळी चावणे यांत किती अंतर आहे, ते एका उदाहरणाने लिहितो. अमेरिकेतील ब्राउन रेक्लूज हा खरोखर त्रासदायक विषाचा कोळी आहे. त्याच्या दंशाने कातडी मरू शकते. कॅन्सस राज्यातील एका राहत्या घरात २००१ साली सहा महिन्यांत हे कोळी मोजून पकडले गेले, तेव्हा ते २,०५५ भरले. चार जणांचे ते कुटुंब त्या घरात काही वर्षांपासून राहत होते आणि त्यांतल्या एकालाही दंश झालेला नव्हता.

फवारणीविषयी माझे मत स्पष्ट आहे : या कारणासाठी ती करू नका. मादी सामानामागे बसलेली असते, तिथे औषध नीट पोहोचत नाही, आणि पाच वर्षांचे मूल मात्र त्याच फरशीवर बसून खेळते. स्वयंपाकघरातल्या झुरळांसाठी जेलचे ठिपके द्या, सज्ज्यावरची खोकी कमी करा. मादी घरात नकोच असेल तर रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा तिच्यावर अलगद पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि पिशवीसकट तिला कुंपणाच्या भिंतीजवळ किंवा पालापाचोळ्यात सोडा. पाय डब्याच्या कडेत चेपणार नाहीत एवढे सांभाळा.

मानेवरच्या फोडांबद्दल डॉक्टरांनी सांगावे; तो माझा विषय नाही.

प्रतिसाद २ (त्वचारोगतज्ज्ञ)

वरील प्रतिसाद योग्य आहे. मुलीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी निदान करणार नाही, परंतु आपण लिहिलेली लक्षणे पावसाळ्यात मी दर आठवड्याला पाहतो आणि त्यांत कोळ्याचा हात जवळजवळ कधीच नसतो.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती एक लहान कीटक येतो. लांबी साधारण ७ ते १० मिलिमीटर, दिसायला मुंगळ्यासारखा, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे, मध्ये निळसर-हिरवट चमकणारा भाग. याला पेडेरस म्हणतात. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. मात्र त्याच्या शरीरात पेडेरिन नावाचे दाहक द्रव्य असते, जे त्याच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंकडून तयार होते. झोपेत तो मानेवर आला आणि हाताने झटकताना चिरडला गेला, की हात ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने ते द्रव्य पसरते. म्हणूनच व्रण गोल न उमटता पट्ट्यासारखा उमटतो. आग लगेच होत नाही. लाली साधारण एका दिवसाने येते आणि त्यानंतर फोड. या अंतरामुळे खरा कारणीभूत कीटक कुणाच्या ध्यानात राहत नाही आणि दोष भिंतीवर दिसणाऱ्या कोळ्यावर जातो. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत हे झाले तर समोरासमोर दोन सारखे व्रण उठतात. ती एक चांगली खूण आहे.

सासूबाईंनी सांगितलेली लक्षणे आणि ऋतू दोन्ही खरे आहेत, फक्त प्राणी वेगळा आहे, असे त्यांना सांगावे. आमचूर मात्र लावू नका. आम्लामुळे जळजळ वाढते आणि डाग अधिक गडद राहतो. मान साबणाने व भरपूर पाण्याने अलगद धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, फोड फोडू नका, आणि उशीचा अभ्रा व मुलीचे कपडे धुवून काढा. हे एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. नागीणही अशीच दिसू शकते, पण ती शरीराच्या एकाच बाजूला, मज्जातंतूच्या मार्गाने येते आणि इतक्या लहान वयात क्वचित होते. तरीही उद्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथल्या त्वचारोग विभागात दाखवा. मलम कोणते आणि किती दिवस, हे पाहूनच ठरवावे लागते. डोळ्याला सूज आली, ताप चढला किंवा पू होऊन लाली पसरली, तर उद्याची वाट न पाहता जावे.

परवा रात्री खिडकी उघडी ठेवून दिवा चालू होता का, एवढे आठवून पाहा.

धागाकर्ती

डॉक्टरसाहेब, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी प्रथम मुलीच्या खोलीत गेले. परवा उकाडा असल्यामुळे खिडकी उघडी होती आणि नंदीला रंगवण्याच्या नादात ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू होती. पलंगाच्या कडेला गादी आणि लाकूड यांच्या फटीत मला एक मेलेला कीटक सापडला. नखाएवढाही नाही, मध्ये नारिंगी, शेपटीकडे काळा. सासूबाईंनी चष्मा लावून तो कागदावर नीट पाहिला आणि असे किडे आपण लहानपणी कंदिलाभोवती पाहिले आहेत, असे त्या स्वतःहून म्हणाल्या. आमचुराचा विषय तिथेच संपला.

फवारणी मी रद्द केली आहे. मात्र अजून दोन गोष्टी विचारते. आमच्या इमारतीच्या आवारातील गवतात सकाळी दव पडल्यावर नरसाळ्याच्या आकाराची पांढरी जाळी दिसतात. ऑस्ट्रेलियातील जीवघेण्या फनेल-वेब कोळ्याविषयीचा एक संदेश सोसायटीच्या गटावर फिरत आहे आणि मुलांना गवतात जाऊ देऊ नका, असे लोक सांगत आहेत. दुसरे म्हणजे, खरोखरच कोळी चावला तर पहिल्या तासात काय करावे?

प्रतिसाद १ चे लेखक

ताई, गवतातली ती जाळी हिप्पासा नावाच्या कोळ्यांची असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे लांडगा कोळ्यांच्या कुळातले असून त्या कुळात जाळे विणणारे थोडेच आहेत. गवतावर चादरीसारखे पसरलेले जाळे एका टोकाला नळीत जाते आणि त्या नळीच्या तोंडाशी कोळी बसतो. पाऊल वाजले की आत दडतो. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. ऑस्ट्रेलियातील तो घातक कोळी सिडनीच्या परिसरातला आहे, आपल्याकडचा नाही, आणि तिथेही १९८१ साली प्रतिविष उपलब्ध झाल्यापासून त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची खातरीशीर नोंद नाही. मुलांना सकाळी अवश्य गवतात न्या आणि लांबून दाखवा. दवात भिजलेले असे जाळे उन्हे वर आल्यावर दिसेनासे होते.

भारतात जपून राहावे असे कोळी नाहीत, असे मी म्हणणार नाही. ब्लॅक विडोच्या गोत्रातले काही कोळी आपल्या देशात आहेत. ते दगड आणि अडगळ यांच्याखाली विस्कटलेल्या जाळ्यात राहतात. द्वीपकल्पीय भारताच्या जंगलांत झाडांच्या ढोलीत राहणारे पायसिलोथेरिया हे केसाळ टॅरंटुला चावले तर तीव्र वेदना होतात आणि स्नायूंना गोळे येतात. म्हणून विटांचा ढीग हलवताना हातमोजे घालावेत आणि ढोलीत हात घालू नये.

चावल्यास जागा साबणाने धुवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ थांबून थांबून लावावा, तो अवयव शांत ठेवावा आणि शक्य असल्यास कोळ्याचा फोटो काढावा. पोटात किंवा पाठीत गोळे येणे, खूप घाम सुटणे, श्वास लागणे किंवा चेहऱ्यावर सूज येणे यांपैकी काही दिसले तर तातडीने रुग्णालयात जावे. सापाच्या विषावरची लस कोळ्याच्या विषावर चालत नाही. जखम कापणे आणि तोंडाने ओढणे हे दोन्ही टाळावे. २०१२ साली आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात सदिया येथे कोळी चावल्याच्या घटनांनी मोठी घबराट झाली होती आणि दोन मृत्यू त्यांच्याशी जोडले गेले; त्या दोघांवर आधी वैदूंनी जखम ब्लेडने कापण्याचे उपचार केले होते, आणि मृत्यू विषानेच झाले हे सिद्ध झाले नाही. मला त्या प्रसंगात कोळ्यापेक्षा ब्लेडची भीती अधिक वाटते.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज मुलीला रुग्णालयात दाखवले. त्वचेवर लावायचे मलम दिले आहे आणि कारण तेच सांगितले जे इथे कळले. ह्यांनी खिडक्यांना बारीक जाळी बसवायला घेतली आहे आणि रात्री नऊनंतर त्या खोलीत आम्ही पिवळा मंद दिवा लावतो. मादीला हलवले नाही. सासूबाईंचेच म्हणणे पडले की, पिशवी सांभाळून बसली आहे तर बसू दे. नंदी मात्र मी त्याच दिवशी दुसऱ्या बाजूने काढला होता. डॉक्टरसाहेब, मानेवरचा डाग किती दिवस राहील?

प्रतिसाद २ चे लेखक

खपल्या साधारण दहा दिवसांत पडतील. काळसर डाग त्यानंतर काही आठवडे राहतो आणि हळूहळू जातो. तोपर्यंत त्या जागेवर थेट ऊन लागू देऊ नका. तान्ह्या पोळ्याला दुपारी बाहेर पडणार असाल तर मानेभोवती सुती रुमाल ठेवा.