‘इन्स्पायर्ड बाय’ला मराठीत काय लिहाल?

टाकाधागा

मंडळी, एक अडचण आहे. मी खणाचे ब्लाउज, झोळ्या, वह्यांची कव्हरं असलं शिवते. पुढच्या महिन्यात एका प्रदर्शनात टेबल मिळालंय. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी अडकवायची आणि ती कुठून सुचली ते एका ओळीत लिहायचं, असं ठरवलंय. इंग्रजीत ‘इन्स्पायर्ड बाय’ लिहिलं की काम झालं. मराठीत लिहायला बसले आणि अडकले.

वस्तू चार आहेत. एक वहीचं कव्हर: आजोबांची पोथी लाल कापडात बांधलेली असायची, तिची घडी आणि गाठ मी तशीच घेतलीय. एक झोळी: माहेरच्या ओटीवरच्या जुन्या सिमेंटच्या फरशीची नक्षी, पण रंग माझे, आणि झोळीच्या आकारात बसवायला नक्षी बरीच मोडलीय. एक भिंतीवर टांगायचा तुकडा: अजंठ्याच्या छतावरची कमळं पाहून आल्यावर महिनाभर डोक्यात काहीतरी घोळत होतं, ते यात उतरलं. यात आता कमळ शोधूनही सापडणार नाही. आणि एक ब्लाउज: लोकलमध्ये पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या पाठीवर कळ्या जोडून केलेलं फार सुंदर काम होतं. दादर ते ठाणे मी तेच बघत होते.

पहिल्यांदा सगळीकडे ‘…ने प्रेरित’ लिहिलं. भाचीने मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, मावशी, कुणाचा वाढदिवस आहे?

बोरूबहाद्दर

भाचीचं बरोबर आहे. नाक्यावरच्या फ्लेक्सवर ‘आमचे प्रेरणास्थान’ इतक्या वेळा वाचलंय की तो शब्द आला की मला हार आणि गॉगल दिसतो. मुळातही शब्द जरा जोराचाच आहे. प्र आणि ईर्, म्हणजे पुढे ढकलणं, हलवणं. प्रेरणेला ढकलणारा कुणीतरी लागतो. तुमच्या ओटीवरच्या फरशीने तुम्हाला काही ढकललं नसणार (घसरला असाल तर गोष्ट वेगळी).

‘स्फूर्ती’ आली स्फुर् धातूवरून: थरथरणं, लखकन चमकणं. बाहू स्फुरतात, कविता स्फुरते. वहीच्या कव्हराला ते अंगापेक्षा बोंगा मोठा होईल.

माझं मत ‘बेतलेलं’ला. अमुक कादंबरीवर बेतलेला चित्रपट, असं आपण सहज म्हणतोच की.

गल्लीबोळ

‘बेतलेला’ ऐकलं की मला आधी ‘जिवावर बेतलं’ आठवतं. परवाच एका कादंबरीवर बेतलेला चित्रपट पाहिला. खरोखर कादंबरीच्या जिवावर बेतला होता.

पन्ना चव्वेचाळीस

गल्लीबोळ, हसलो. पण ‘बेतणे’ हा आमच्या दुकानातला रोजचा शब्द, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणं भाग आहे.

वडील शिंपी. आमच्याकडे बेतणं, कापणं आणि शिवणं ही तीन वेगळी कामं. कात्री चालवायला पाच मिनिटं पुरायची, त्याआधीचा अर्धा तास बेतण्याचा. कापड टेबलावर पसरायचं, पन्ना (कापडाची रुंदी) किती ते पाहायचं, उभा धागा कुठला, नक्षीचं तोंड वर आहे की खाली, डाग कुठे आहे, सगळं बघत खडूने खुणा करायच्या. तेवढा वेळ वडिलांशी कुणी बोलायचं नाही.

खणाची चोळी असली की आणखी कसरत. खण म्हणजेच एका चोळीपुरता तुकडा, चुकायला जागाच नाही. दोन्ही काठ दोन बाह्यांच्या कडेला आले पाहिजेत, पाठ आणि पुढचे भाग मधल्या कापडातून निघाले पाहिजेत, आणि काखेपाशी कापड नको तिथे उरेब (तिरकं) जाता कामा नये. शिवाय सगळीकडे आत माया सोडायची. शिवणीच्या आतल्या बाजूला राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. अंग भरलं की उसवून सैल करता येतं. (या ‘माये’वर कुणीतरी वेगळा धागा काढा.)

गिऱ्हाईक मासिकातल्या नटीचं पान फाडून आणायचं. ‘अस्सं पाहिजे.’ वडील ते पान भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे आणि विचारायचे, मापाचा ब्लाउज आणलाय ना? मग तो जुना, बगलेत विटलेला ब्लाउज टेबलावर पसरून त्याच्यावरून खडू फिरायचा. मान वर करून अधूनमधून खिळ्याकडे बघायचे, तेवढंच.

तर बेतणं म्हणजे हे. नमुना एकाचा, माप दुसऱ्याचं, आणि कापड आहे तेवढंच. ‘बेताचं’ हा शब्द उगाच नाही. झोळीला तुम्ही नक्षी मोडून बसवलीत ना? मग ती बेतलीतच.

तिसरी घंटा

पन्ना, खिळ्यावरचं पान फार आवडलं. नाटकवाल्यांच्या भिंतीवरही असे खिळे भरपूर आहेत. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केलं, १८९० साली. नावच बघा, ज्याला हे दिलं त्याची मापं नव्याने घेतल्याशिवाय सुचणार नाही. पुलंची ‘ती फुलराणी’ (१९७५) शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलेली. मूळ नाटकाचा सगळा जीव लंडनमधल्या उच्चारांत. कोण कसं बोलतं त्यावरून त्याची पायरी ठरते, हा त्या नाटकाचा कणा. ते शब्दाला शब्द ठेवून मराठीत येणंच शक्य नाही. तिथे मराठीतल्या बोली, मराठीतले शुद्ध-अशुद्धाचे अहंकार, असं सगळं इथलंच कापड लागलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं कुणाकडे असली तर उघडून बघा. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ असं लिहून पुढे मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. चाल कुठली घेतली ते सरळ छापायचं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. टाकाधागा, तुमच्या चिठ्ठीचा हा खापरपणजोबा. झोळीवर खुशाल लिहा, ‘चाल: ओटीवरची फरशी’.

टाकाधागा

‘चाल: ओटीवरची फरशी’ वाचून मी मशीन थांबवलं. हे घेणार. आणि ‘तिसरी घंटा यांच्यावरून’ असं कुठेही लिहिणार नाही, आधीच सांगते.

पन्ना, तुमच्या वडिलांचा अर्धा तास मला चांगला माहीत आहे. माझाही स्वयंपाक त्यात करपतो.

काल रात्री उजळणी करताना एक गंमत लक्षात आली. पोथीची गाठ मी ‘गिरवली’, तिथे मधे काही लागत नाही. फरशी‘वर’ बेतलं. कमळां‘वरून’ सुचलं. जितकी मूळ वस्तूपासून लांब गेले तितका शब्द लांबत गेला. आहे की नाही नियम?

ठिपक्यांची वही

नियम करायची घाई करू नका. ‘उतरवून घेणे’चं काय कराल?

माझ्या आईची रांगोळ्यांची वही आहे, लांबट, पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर वर कोपऱ्यात ‘१५ ते ८’ किंवा ‘११ ते ६’ असे आकडे. म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत आठपर्यंत यायचं. आणि आकड्यांच्या शेजारी कंसात, कुणाच्या दारातून आणली ते. ‘वरच्या मजल्यावरच्या वहिनी’. ‘पोस्टाशेजारचं घर’. एका पानावर नुसतंच ‘गिरगाव, पावसात’. त्या सगळ्या तिने लोकांच्या अंगणांवरून उतरवून घेतल्या होत्या. जाता जाता ठिपके मोजायचे, रेषा लक्षात ठेवायच्या, घरी येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. एक ठिपका जरी बदलला तरी रांगोळी मिटत नाही, म्हणून जशीच्या तशीच आणायची.

तिथेही ‘वरून’च आहे बरं का, आणि अंतर शून्य.

बोरूबहाद्दर

वही, तुम्ही टाकाधागांचा नियम मोडलात, पण त्यांना जे जाणवलं ते खोटं नाही. फक्त ते ‘वर’ आणि ‘वरून’मध्ये शोधण्यापेक्षा वाक्याच्या सुरुवातीला शोधा. मी गिरवलं. मी उतरवून घेतलं. मी बेतलं. पण: मला सुचलं. इथे ‘मी’ची ‘मला’ झाली. आवडणं, आठवणं, सुचणं ही आपल्याकडे माणसाने करायची कामं नाहीतच, ती त्याच्याकडे येतात. सुचण्याला वेळ देता येतो, हुकूम देता येत नाही. अजंठ्याच्या तुकड्याला ‘कमळांवरून सुचलेलं’ एवढंच लिहा. पुरेसं आहे.

डहाणू रोड

तुमच्या शब्दांच्या गप्पा वाचतोय दोन दिवस. माझा या ‘इन्स्पायर्ड’वर जुना राग आहे, तो इथे ओतून जातो.

आमच्याकडे वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक ‘लिहितात’. काढत नाहीत, लिहितात. सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाने, मधे पालघट देवी. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतरच्या दशकात ही चित्रं कागदावर नेली, रोजची शेतं, माणसं, जाळी त्यात आणली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी जे केलं त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, माझ्या मते तुमच्या ‘बेतणे’च्याही पुढचं काहीतरी असेल.

आणि आता? कपावर, उशीवर, कुर्त्याच्या पाठीवर तारपा नाचाची तीच गोल रांग, तीच त्रिकोणी माणसं, आणि खाली ‘वारली इन्स्पायर्ड’. बऱ्याच ठिकाणी मधला तारपा वाजवणाराच गायब असतो. वाजवणारा नाही तर माणसं कशावर नाचतायत? याला मराठीत ‘उचललं’ म्हणतात. इंग्रजी शब्दाची सोय हीच आहे की किती घेतलं ते सांगावं लागत नाही. मराठीत क्रियापद निवडलं की लगेच पकडले जाता.

टाकाधागा

डहाणू रोड, हे मला लागलं. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या सहा पिशव्या आहेत, त्यांवर ती रांग आहे. छापाचं कापड बाजारातून आणलं होतं. प्रदर्शनात त्या ठेवणार नाही. ठेवल्या तर चिठ्ठीवर ‘उचललेलं’ लिहावं लागेल आणि तेवढं धाडस नाही.

काठपदर

बेतण्याचं एवढं कौतुक चाललंय म्हणून एक खडा टाकते. साडी कुठे बेतता हो? तिला कात्रीच लागत नाही. तिच्यात जे काही करायचं ते नेसताना. आणि तो शब्दही चाललाय, परवा एका लग्नात ‘मी पैठणी घातलीय’ ऐकलं. अहो, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात. हल्ली सगळंच ‘वेअर’ करतात, अगदी चष्म्यापासून.

बरं, मुद्दा. नेसण्यात कुणाकडून काही घेतलं तर आम्ही म्हणतो ‘तिचं बघून’. मी इरकल नेसायला लागले ते आमच्या ऑफिसातल्या एका मोठ्या बाईंचं बघून. बारीक काठाची, गडद रंगाची, आणि ब्लाउज मुद्दाम न जुळणारा. तो न जुळणारा ब्लाउज मी आजही तसाच घालते (ब्लाउज घालतात, बरोबर). त्यांना कधी सांगितलं नाही. ‘बघून’मध्ये सांगावं लागत नाही, समोरच्याला कळतंच.

लोकलमधल्या ब्लाउजला तुम्ही ‘बघून’ लिहा.

टाकाधागा

चिठ्ठ्या लिहून झाल्या. मंडळींना दाखवते:

वहीचं कव्हर: ‘आजोबांच्या पोथीची गाठ गिरवली.’
झोळी: ‘चाल: ओटीवरची फरशी.’
भिंतीवरचा तुकडा: ‘अजंठ्याच्या छतावरच्या कमळांवरून सुचलं.’
ब्लाउज: ‘लोकलमधल्या एका अनोळखी बाईंच्या पाठीवरून उतरवलेला.’

काठपदर, ‘बघून’ मनात होतं, पण वहीच्या आईंची गोष्ट वाचल्यावर ‘उतरवणे’ जास्त प्रामाणिक वाटलं. कळ्या मी अगदी मोजून तशाच घेतल्यात. सात.

गल्लीबोळ

चौथी चिठ्ठी परत वाचा. हळू वाचा. अनोळखी बाईंच्या पाठीवरून ब्लाउज उतरवलात, तोही भर लोकलमध्ये?

टाकाधागा

अगं बाई. ‘बघून’ लिहिते.