विषय: चवथीला गावच्या घरी जनरेटर – ठेवायचा कुठे?

पाठवणार: मस्कतहून

नमस्कार मंडळी,

यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही सगळी भावंडं गोव्यात बांदोड्याच्या घरी जमणार आहोत. एरवी तिथे आई-बाबा दोघेच. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडं आणि विजेचे खांब आडवे केले, तेव्हा पंप बंद, फोन बंद, अशा अवस्थेत दोघांनी कसे दिवस काढले ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो. म्हणून दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतलाय.

प्रश्न आता पुढचा. भाऊ म्हणतो, राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकात ठेवू. वर आभाळ मोकळं आहे, धूर वरच्या वर जाईल, पावसाला ताडपत्री बांधू. पुतण्याने दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून आणलीय. एक टोक जनरेटरला, दुसरं माजघरातल्या सॉकेटला, की अख्ख्या घरात वीज. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत, पण समजावून सांगायला गेलो की कारण नेमकं मांडता येत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

*

पाठवणार: पूर्वी मस्कत, आता फोंडा

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन्ही शंका रास्त आहेत. आयुष्यभर वायरिंगचंच काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. हे पत्र घरी सगळ्यांना वाचून दाखव.

आधी राजांगण. आपल्या जुन्या घरांत चारही बाजूंच्या खोल्यांची दारं-खिडक्या तिथेच उघडतात. वारा कौलांवरून निघून जातो, खालची हवा तिथल्या तिथे घुटमळते. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. वजनाला तो जवळजवळ हवेइतकाच, त्यामुळे भाऊ म्हणतो तसा सरळ वर निघून जात नाही. चौकात साचतो आणि दारांतून आत शिरतो. वर ताडपत्री बांधली तर उरलीसुरली वाटही बंद. जनरेटरचं इंजिन लहान दिसतं म्हणून फसू नका. असा एक सेट शेकडो मोटारगाड्यांइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, असं अमेरिकेतला ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो.

'आमचं घर कौलारू, हवा खेळती आहे' हे मी इथे घरोघरी ऐकतो. पण चवथीच्या दिवसांत बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो, झड आत येते म्हणून खिडक्या लावलेल्या असतात आणि घरात एरवीच्या चौपट माणसं निजलेली असतात. ती खेळती हवा तेव्हा कुठे असते? आणि दोन-चार खिडक्या उघडल्या म्हणून हा वायू हटतही नाही.

बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या व्हरांड्यातही नको, पडवीतही नको, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवूनही नको. घरापासून किमान वीस फूट, म्हणजे सहा मीटर लांब ठेवायचा आणि धुराचं तोंड घराकडे नाही, शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नाही. वाड्यावर घरं खेटून असतात, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचा विचार आपणच करायचा. परसात माडांच्या बाजूला जरा उंच, पाणी न साचणारी जागा बघा. चार खांबांवर पत्रा टाका, बाजूला भिंत अजिबात नको. पोफळीतल्या मांगरात (बागेतल्या खोपटात) ठेवायचं कुणाच्या मनात आलं तर तेही नको. बंद मांगरात पेट्रोल घालायला जाणारा माणूस तिथेच कोसळेल. विहिरीत तर असं इंजिन कधीच उतरवू नका, गाळ उपसायलाही नको.

रात्री सगळे निजले की जनरेटर बंद. झोपलेल्या माणसाला डोकं दुखलेलं कळत नाही. रात्रीच्या पंख्या-दिव्यांना इन्व्हर्टर पुरतो.

आता ती दोन पिनांची वायर. ती आजच मधोमध कापून टाकायला सांग. एक टोक जनरेटरला लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत 230 व्होल्ट असतात, मुलाच्या हाताला लागायला क्षणाचाही वेळ नको. त्याहून वाईट पुढे आहे. मेन स्विच पाडायचा राहिला तर तुमची वीज मीटरमधून उलटी बाहेर लाइनवर जाते. ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्टचे 230 करतो, तसाच उलट दिशेने 230चे 11,000ही करतो. वादळानंतर भर पावसात खांबावर चढलेला लाइनमन लाइन मेली आहे समजून हात घालतो. तो तुमच्याच घरातला उजेड परत आणायला आलेला असतो. 'मी मेन पाडीन, विसरणार नाही' असं पुतण्या म्हणेल. त्या दिवशी तो घरी नसला आणि वायर दुसऱ्याच कुणी लावली तर? शिवाय मेन चालू असताना वीज खात्याची लाइन परत आली की जनरेटर जळतो, पेटही घेऊ शकतो.

यावर इलाज म्हणजे चेंजओव्हर स्विच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या आणि लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. एका वेळी घर एक तर खात्याच्या लाइनवर, नाही तर जनरेटरवर. दोन्हीकडे एकदम जाणं त्यात शक्यच नसतं.

फोंड्यात कधीही ये, माहितीचा इलेक्ट्रिशियन गाठून देतो.

*

पाठवणार: बहारीनहून (मी डॉक्टर आहे)

काकांनी लिहिलंय त्यात माझ्याकडून थोडी भर.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ, उलटी, पायांतलं बळ जाणं, ही त्याची लक्षणं. चवथीत हे कुणालाही जागरण, उपास किंवा नेवऱ्या जास्त झाल्यासारखंच वाटेल. घरातल्या दोघा-तिघांना एकदम असं झालं आणि ताप नसला, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मगच बाकीचं. 108ला (रुग्णवाहिकेला) फोन करा आणि 'घरात जनरेटर चालू होता' हे वाक्य आवर्जून सांगा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचेपर्यंत कारण कळलेलं असलं तर ऑक्सिजन लगेच सुरू होतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

करोनापासून घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. माणूस गुदमरत असतो आणि तो 98 दाखवतो. आकडा बघून घरी थांबू नका.

येताना कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म जरूर घेऊन या. आई-बाबा निजतात त्या खोलीत एक लावा. धुराचा अलार्म वेगळा असतो, तो या वायूला वाजत नाही.

*

पाठवणार: मस्कतहून

काका, ताई, मनापासून आभार. पत्रं घरच्या ग्रुपवर टाकली. भावाने लगेच परसात फणसाच्या पलीकडची जागा मोजली, घरापासून पंचवीस फूट भरतेय. वायर बाबांनी स्वतः कापली. चेंजओव्हर बसेपर्यंत एक्स्टेंशन ओढून फ्रिज आणि दिवे चालवले तर चालेल ना? पंपही याच सेटवर चालेल का? आणि पेट्रोल घरात किती ठेवायचं?

*

पाठवणार: पूर्वी मस्कत, आता फोंडा

जागा छान आहे.

एक्स्टेंशन चालेल. तीन कोरची, अडीच चौरस मिलिमीटरची, बाहेरच्या कामाची रबरी केबल घ्या, मध्ये जोड नको, दारात चेंगरू देऊ नका. चालू असताना गुंडाळी पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापते. सेटला अर्थिंग करून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवा. तो या सेटवर खरंच ट्रिप होतो का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचंच. छोट्या सेटचा न्यूट्रल पुष्कळदा अर्थला जोडलेला नसतो, मग आरसीसीबी नुसता नावाला.

दोन केव्हीए म्हणजे प्रत्यक्षात साधारण 1600 वॉट धरा. फ्रिज, पंखे, माटोळीवरचे (गणपतीवर टांगलेल्या आराशीवरचे) दिवे, टीव्ही आरामात. एक हॉर्सपॉवरचा पंप चालू होताना कितीतरी पट करंट खेचतो, तो या सेटला उचलणार नाही. टाकी वीज असतानाच भरून ठेवा. गीझर, मिक्सर-इस्त्री एकदम, हे तर नकोच.

पेट्रोल. कायद्याने विनापरवाना तीस लिटरपर्यंत ठेवता येतं, पण तुम्हाला पाच-दहा लिटर पुष्कळ. इंधनासाठीच्या झाकणबंद कॅनमध्ये ठेवा, घराबाहेर, सावलीत. पाण्याच्या बाटलीत कधीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत लांबवर जाते आणि चवथीत गणपतीपुढे समई अखंड तेवत असते, मागे चूलही पेटलेली. टाकी भरायची ती इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थंड झाल्यावरच, आणि उजेडासाठी टॉर्च वापरा. सायलेन्सरवर सांडलेला एक थेंब पेट घ्यायला पुरेसा आहे.

चवथ झाली की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत सेट चालवून बंद करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि ऐन वादळात दोरी ओढून ओढून हात दुखले तरी मशीन सुरू होत नाही. बाबांना दोरी ओढणं जमणार नसेल तर शेजारच्या कुणा तरुणाला आताच शिकवून ठेवा, चेंजओव्हरसकट.