मदत हवी आहे: जीपच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय, सील बदलूनही थांबत नाही

परळचा_पाना
आर्मी जीप आहे. गिअर ऑइल गळतंय. नवीन सील बसवलं तरी सकाळी लादीवर बशीएवढा डाग असतोच. रविवारी गाडी बाहेर काढायची आहे. कुठलं सील घेऊ आणि मुंबईत कुठे मिळेल, एवढंच सांगा.

भायखळा_मेस्त्री
आर्मी जीप म्हणजे नेमकी कुठली? विलीज एमबी, फोर्ड जीपीडब्ल्यू की महिंद्राची ३बी? पहिल्या दोघींना टी-८४ गिअरबॉक्स, ३बीला टी-९०. सील कुठलं बदललं? ऑइल कुठलं भरलंय? डाग कशाखाली पडतो?

परळचा_पाना
एमबी, १९४४. ऑइल ९० नंबर. डाग मागे पडतो. आता सांगा.

कुर्ला_डेपो
१४० नंबर टाका, विषय संपला. मुंबईच्या उकाड्यात ९० पाण्यासारखं पळतं.

सिंक्रो
१४० ने गळती थांबत नाही, उशिरा दिसते. शिवाय दुकानदार १४० म्हणून बहुतेक वेळा ८५डब्ल्यू-१४० जीएल-५ (जास्त ॲडिटिव्हवाला दर्जा) हातात ठेवतो. टी-८४ च्या दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्या) आहेत आणि जीएल-५ मधलं गंधकवालं ॲडिटिव्ह पितळ खातं. ईपी ९० घ्या, पण डब्यावर जीएल-४ छापलंय ना ते वाचून.

कुर्ला_डेपो
आमच्याकडच्या सगळ्या जुन्या गाड्या १४० वरच चालतात. पुस्तकं वाचून गाड्या चालत नाहीत साहेब.

भायखळा_मेस्त्री
भांडण नंतर. पाना, "मागे" म्हणजे कुठे? तीन जागा आहेत.
क्लच हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून थेंब येत असेल तर आधी वास घ्या. गंधकाचा उग्र वास आला तर गिअर ऑइल. काळं, पातळ, वास नसलेलं असेल तर इंजिनचं, मागच्या मेन बेअरिंगच्या दोरीच्या सीलमधून आलेलं. गिअर ऑइलच असेल तर इनपुट शाफ्टचं रिटेनर, त्याचं पॅकिंग किंवा काउंटरशाफ्टचं पुढचं टोक.
दुसरी जागा ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागची भिंत, इंटरमीजिएट शाफ्टची लॉक प्लेट आहे तिथे.
तिसरी, हँडब्रेकच्या ड्रममागचं आउटपुट सील.
सगळं रॉकेलने धुवा, कोरडं करा, शंखजिऱ्याची पूड उडवा आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा. थेंब पडतो ती जागा बघू नका, पूड सगळ्यात वर कुठे भिजली ते बघा. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे ओढलं जातं.

परळचा_पाना
हँडब्रेक ड्रम. सील तिथलंच बदललंय. म्हणून तर विचारतोय.

दादर_टीटी
एम-सील लावून बघितलंत का?

सिंक्रो
फिरत्या शाफ्टला एम-सील? 😀
पाना, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोन्हींची लेव्हल सांगा. गाडी सपाट जागेवर, थंड असताना.

परळचा_पाना
गिअरबॉक्समध्ये दर आठवड्याला ऑइल टाकतो, लेव्हल उतरतेच. ट्रान्सफरचं बुच कशाला उघडू? त्यात मी काही भरतच नाही.

भायखळा_मेस्त्री
म्हणूनच उघडा. खाली डबा धरा.

जुनी_गाडी_प्रेमी
गाडीला नंबर कुठला आहे? २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००.

परळचा_पाना
नंबरचं कोणी विचारलंय?
बुच सैल केल्याबरोबर ट्रान्सफरमधून भसाभस तेल आलं. गिअरबॉक्समध्ये बोट घातलं तर टेकतसुद्धा नाही.

सिंक्रो
सापडलं. टी-८४ मध्ये साधारण ०.७ लिटर आणि ट्रान्सफरमध्ये १.४ लिटर, एवढंच बसतं. मेनशाफ्टच्या मागच्या बेअरिंगमधून गिअरबॉक्सचं तेल ट्रान्सफरमध्ये उतरतंय. तिथे लेव्हल चढली की आउटपुट सील बुडतं, गरम झाल्यावर त्यावर दाब येतो आणि नवं सीलही हरतं. ब्रीदर (हवा बाहेर जायचं भोक) तुंबला असेल तर आणखीच. मागच्या बेअरिंगऐवजी सील असलेलं बेअरिंग टाका.

भायखळा_मेस्त्री
दोन्हीकडे सील असलेलं नको. गिअरबॉक्सकडचं झाकण काढून टाका म्हणजे बेअरिंगला तेल मिळेल. ट्रान्सफरकडचं राहू द्या. पण ते काम ट्रान्सफर उतरवूनच होतं, रविवारपर्यंत विसरा.
आउटपुटला मात्र दोन गोष्टी आत्ताच बघा. योक (प्रोपेलर शाफ्ट जोडायचा तुकडा) बाहेर काढून सीलचा ओठ फिरतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे, तिथे कुठलंच सील टिकणार नाही. पातळ स्लीव्ह चढवा किंवा लेथवाल्याकडे न्या. खाच नसेल तर तेल स्प्लाइनमधून, म्हणजे शाफ्टवरच्या लांब दात्यांमधून नटाखाली येतंय. वायसरच्या मागे सीलंटचा पातळ थर द्या, नट आवळा, नवीन स्प्लिट पिन घाला.
मागचं हाऊसिंग उघडायची वेळ आलीच तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) हरवू नका. शाफ्टचा पुढे-मागे खेळ ०.००४ ते ०.००८ इंच हवा. शिम काढून जाड पॅकिंग टाकणारे मेस्त्री बेअरिंग खातात.

कुर्ला_डेपो
एवढं करण्यापेक्षा १४०...

परळचा_पाना
सील कुठे मिळेल ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

सिंक्रो
नागदेवी स्ट्रीट. गाडीचं नाव सांगू नका, जुनं सील आणि योक बरोबर न्या. शाफ्ट, बोअर, जाडी तिन्ही मापं इंचात. "जवळपास मिलीमीटरमध्ये बसेल" म्हणाले तर परत या. जुन्या साठ्यातलं चामड्याचं सील मिळालं तर बसवायच्या आधी तेलात भिजवा, कोरडं बसवलं तर ओठ जळतो.

परळचा_पाना
ठीक. दोन्ही लेव्हल नीट करून रविवारी काढतो. हँडब्रेक लागत नाही, तो नंतर बघू.

भायखळा_मेस्त्री
नंतर नाही. ड्रममध्ये तेल गेलंय म्हणून लागत नाही. तुमच्या गाडीला बाहेरून आवळणारा पट्टा आहे की आतले शू?

परळचा_पाना
शू. पेट्रोलने धुतले तर चालतील ना?

भायखळा_मेस्त्री
नाही. लायनिंग तेल प्यायलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं. रिव्हेट काढून नवीन लायनिंग लावा. तोवर चाकाला लावायला गाडीत लाकडाची उटी ठेवा आणि उतारावर उभी करू नका.