पाचवा दिवस काढून टाका म्हणणाऱ्यांनो, आधी हे वाचा

पाचवा_दिवस:
काल एकानं लिहिलं, "टेस्ट चार दिवसांची करा, पाचव्या दिवशी तसंही कोणी बघत नाही आणि हल्ली मॅच तीन दिवसांत संपतात." खाली धडाधड लाइक्स. रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहायला बसलोय.

मार्च 2001, माझी दहावीची परीक्षा चालू. कोलकात्याच्या ईडनवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध फॉलोऑन मिळालेला, म्हणजे पहिल्या डावात खूप मागं पडल्यानं लगेच परत बॅटिंग करायची वेळ आलेली, आणि चौथ्या दिवशी लक्ष्मण-द्रविडनं अख्ख्या दिवसात एक विकेट दिली नाही. मॅच चार दिवसांची असती तर तिथंच ड्रॉ, संपला विषय. पाचव्या दिवशी चहापानाला ऑस्ट्रेलियाच्या 3च विकेट गेल्या होत्या, बाबा म्हणाले आता काही होत नाही, पुस्तक उघड. मी उघडलं, आणि पुढचा तासभर तेच पान समोर होतं. हरभजनच्या त्या डावात 6 विकेट, मॅच आपण जिंकली, आणि भूगोलाचा पेपर माझा बोंबललाच, पण त्याचं आजही वाईट वाटत नाही.

2021ची सिडनी घ्या. विहारीचा पाय गेलेला, 161 बॉलमध्ये 23 रन, अश्विनची पाठ धरलेली, आणि दोघं हलले नाहीत, पाचव्या दिवशी मॅच वाचवली. आठवड्याभरात ब्रिस्बेनचं गॅबा जिंकलं, तेही पाचव्या दिवशी. 2025ची लंडनची ओव्हल 6 रननी जिंकली, तीही पाचव्या दिवशी. हे सगळं कापून टाकायचं का?

गुरुवार_ते_रविवार:
ती पोस्ट माझीच. तुम्ही 25 वर्षांतल्या 4 मॅच सांगितल्या, मीही सांगतो. पुण्याचं गहुंजे 2017, तीन दिवस. गहुंजे 2024, परत तीन. वानखेडे 2024, न्यूझीलंडनं आपल्याला तिसऱ्या दिवशी गुंडाळलं. केपटाऊन 2024 तर 642 बॉलमध्ये खलास, दुसऱ्या दिवशीच घरी. पर्थची 2025ची अॅशेस टेस्ट, ऑस्ट्रेलिया-इंग्लंडची, दोन दिवस. आणि थरार म्हणाल तर चेन्नई 1999, सचिनचे 136, पाकिस्तानकडून 12 रननी हरलो, ती चौथ्याच दिवशी संपली होती. मी त्या रात्री जेवलो नव्हतो. चार दिवस होते म्हणून दुःख कमी झालं नाही.

गुरुवारी सुरू करा, रविवारी संपवा, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाला शेवटचा दिवस बघता येईल. आणि आयर्लंडसारख्यांचा विचार करा. 2018मध्ये त्यांनी घरी पहिली टेस्ट खेळली, घरची दुसरी थेट 2024मध्ये. पैसाच नाही त्यांच्याकडे. एक दिवस कमी झाला तर निदान वर्षाला एक तरी खेळतील.

स्कोअरबुक:
मी पंधरा वर्षं क्लब आणि जिल्ह्याच्या मॅचचं स्कोअरिंग करतोय, म्हणून बोलतो. पाच दिवस गुणिले दिवसाच्या 90 ओव्हर म्हणजे 450. चार दिवसांच्या टेस्टमध्ये दिवसाला 98, म्हणजे 392. सरळ 58 ओव्हर गेल्या. आणि हल्ली 90 तरी कुठे पडतात? अर्धा तास जादा देऊनही दोन-चार ओव्हर शिल्लक राहतात. आपल्याकडे थंडीत 98 टाकायच्या तर टॉर्च घेऊन खेळायचं का? गुवाहाटीत 2025च्या नोव्हेंबरात उजेडापायी सकाळी 9ला मॅच सुरू करून चहा आधी आणि जेवण नंतर ठेवावं लागलं.

तीन दिवसांत मॅच संपतात ते पिचमुळे. बरं पिच असेल तर चौथ्या दिवशी संध्याकाळी कुठं बोलरच्या बुटांनी डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपबाहेरची माती सुटायला लागते. मी मॅचनंतर बसून हात लावून बघितलंय, वरून घट्ट दिसते आणि चिमटीत धरली की भुगा. ऑफस्पिनर चार दिवस त्याचीच वाट बघतो. त्याच्या तोंडचा घास काढताय तुम्ही.

आणि चार दिवसांत काय होतं ते बघायचं असेल तर रणजीच्या, म्हणजे राज्यांच्या संघांच्या स्पर्धेतल्या, लीग मॅच बघा. पहिल्या डावाची आघाडी घेतली की 3 पॉइंट खिशात, जिंकलं तर 6. मग काय, आघाडी मिळाली की दुसऱ्या डावात टुकूटुकू खेळत बसायचं आणि चहानंतर हात मिळवायचे.

विदर्भाचा_पोट्टा:
रणजीचा विषय निघालाच तर बोलतोच भाऊ. मुंबईवाल्यांना ईडन, गॅबा, ओव्हल सगळं आठवते, पण वानखेडेवरची मार्च 2024ची मुंबई-विदर्भ पाच दिवसांची रणजी फायनल कोणी काढत नाही. 538 पाहिजे होते आमाले. पाचव्या दिवशी सकाळी आमचा कॅप्टन वाडकर आन् हर्ष दुबेनं पूर्ण सेशन एक विकेट नाही देली. कॅप्टननं सेंच्युरी मारली. हरलो 169नं, मान्य. पण तो पाचवा दिवस नसता तर लोक म्हणाले असते का पोट्टे लढले? पुढच्याच सीझनला सेमीफायनलमध्ये तुमालेच 80नं हरवून ट्रॉफी नेली, तेही पाचव्या दिवशी.

गुरुवार_ते_रविवार:
मी मुंबईचा नाही, सांगलीचा आहे. हे मुंबई-विदर्भ मध्येच कुठून आलं?

कोथरूडची:
सगळे पुरुष टीव्हीपुढे बसून पाच की चार भांडताय. मैदानात जाऊन किती जणांनी बघितलीय? मी गेलेय, 71 वर्षांच्या वडिलांना घेऊन, त्यांची आयुष्यातली पहिली टेस्ट. मैदानाचं नाव घेत नाही. गेटवर पाण्याची बाटली काढून ड्रममध्ये टाकली. आत स्टँडवर छप्पर नाही, सिमेंटची पायरी साडेदहालाच तापलेली, बाबांनी रुमाल ओला करून मानेवर ठेवला तर तो दहा मिनिटांत वाळला. पाण्याच्या लाइनीत मी 40 मिनिटं उभी, तेवढ्यात दोन विकेट गेल्या. लंचला बाबा स्वतः म्हणाले, चल घरी. पाचव्या दिवशी लोक का येत नाहीत ते इथं आहे.

ठाणेकर:
अगदी. माझ्या मुलीची शाळेची बाटली, प्लास्टिकचीसुद्धा नाही, स्टीलची, काढून घेतली. म्हणे फेकून माराल. आठ वर्षांची पोर कोणाला मारणार?

कोथरूडची:
आणि बायकांच्या टॉयलेटचं तर विचारूच नका. एका स्टँडला दोन, त्यातलं एक बंद. मी दिवसभर पाणीच प्यायले नाही म्हणून.

विदर्भाचा_पोट्टा:
आमच्याकडं मैदान गावाबाहेर. मॅच सुटल्यावर परतीची बस पकडाले हायवेपर्यंत पायी.

स्कोअरबुक:
सुरक्षेचंही बघावं लागतं हो. बाटल्या फेकल्यामुळं मॅच थांबलेल्या आहेत आपल्याकडे, ईडनला 1996च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला काय झालं ते सगळ्या जगानं पाहिलं.

कोथरूडची:
मग आत नळ द्या! बाटली काढून घ्यायची आणि पाणीही द्यायचं नाही, ही कसली सुरक्षा? 71 वर्षांच्या माणसाला चक्कर आली असती तर तुम्ही आला असतात का?

पाचवा_दिवस:
ताई, तुमचं शंभर टक्के खरं, पण हा प्रश्न दिवसांचा नाही.

कोथरूडची:
दिवसांचाच आहे. उद्या बोर्ड म्हणणार, पाचव्या दिवशी स्टँड रिकामे असतात, काढून टाका. रिकामे का असतात ते कोणी विचारणार नाही.

पाचवा_दिवस:
हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मान्य.

पण आयर्लंडचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. मॅलाहाइडला 2018मध्ये पहिला दिवस पावसात गेला, पाकिस्ताननं फॉलोऑन दिला, आणि आयर्लंडच्या केविन ओब्रायननं 118 मारले. मॅच पाचव्या दिवसापर्यंत गेली. पाचवा दिवस नसता तर त्यांच्या पहिल्याच टेस्टला निकाल नसता.

गुरुवार_ते_रविवार:
खेळ चारच दिवस झाला, फॉलोऑन द्यायला लागणारी आघाडीसुद्धा म्हणूनच 150वर आली होती. म्हणजे चार दिवसांत निकाल लागला. लागतो की नाही?

स्कोअरबुक:
लागला, हे खरंय. पण पाऊस आधीच पडून गेला म्हणून लागला. चार दिवसांच्या मॅचमध्ये एक दिवस धुऊन गेला तर उरले तीन. इंग्लंड-आयर्लंडचा पाऊस माहितीय ना?

गुरुवार_ते_रविवार:
ठीक. आपल्या, ऑस्ट्रेलियाच्या, इंग्लंडच्या आपसातल्या टेस्ट राहू द्या पाच दिवसांच्या, त्यात मी हात घालत नाही. पण आयर्लंड, झिम्बाब्वेला चार दिवसांची खेळू द्या, न खेळण्यापेक्षा बरी. यावरून मी मागं हटणार नाही.

विदर्भाचा_पोट्टा:
मंजे गरिबाले चार दिवस, श्रीमंताले पाच? आमाले 2017च्या आधी कोण विचारत होतं? तवा कोणी म्हटलं असतं का विदर्भाले तीनच दिवस द्या, तर ट्रॉफ्या आल्या असत्या का?

गुरुवार_ते_रविवार:
तुमच्याकडं नागपूरजवळ जामठ्याचं मैदान होतं, असोसिएशनकडं पैसे होते. त्यांच्याकडं तेच नाही. राग माझ्यावर काढू नका.

कोथरूडची:
बाबा आत्ता विचारत होते, पुढची टेस्ट कुठं आहे. कुठल्या मैदानावर स्टँडला छप्पर आहे आणि आत पाणी मिळतं, ते ज्यांनी स्वतः बघितलंय त्यांनी सांगा. पाचव्या दिवसाचं तिकीट काढायचंय.