रिपोर्ट सोमवारी, तोवर डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं?

बोर्डेवाला

नमस्कार. डिचोलीचा आहे, वय २७, पर्वरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. याहून जास्त विचारू नका.

नागपंचमीच्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलीशी संबंध आला. कंडोम होता, पण फाटला. ती पुण्याला नोकरीला असते, लगेच परत गेली. पंधरवड्याने मला ताप आला, घसा धरला. पाऊस लागलेला, ऑफिसात अर्धी माणसं खोकत होती, पण रात्री मोबाइलवर एचआयव्हीची लक्षणं शोधली आणि तिथेच संपलं. तेव्हापासून रोज मानेत आणि काखेत गाठी चाचपतो. चाचपून चाचपून मान दुखायला लागते, आणि मान दुखते म्हणजे गाठ असणारच असं वाटून परत चाचपतो. टॉर्च लावून जिभेचे फोटो काढतो आणि आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून बघतो. गॅलरीत गणपतीच्या आरतीच्या फोटोंमध्ये माझ्या जिभा आहेत.

काल शनिवारी शेवटी म्हापशाला जाऊन खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. डिचोलीत दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत वाड्यावर पोचलं असतं. चौथ्या पिढीची टेस्ट आहे म्हणाले. रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर. बसमध्ये अस्नोड्याला पोचल्यावर लक्षात आलं की त्याच लॅबमध्ये बाबांची शुगर तपासली होती, तिथे नंबर त्यांचाच असणार. काउंटरवरच्या मुलीने 'आधी आला होता ना?' एवढंच विचारलं, मी हो म्हटलं. म्हणजे रिपोर्ट बाबांच्या मोबाइलवर!

वर आमच्या वाड्यावर दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याचं काम चालू आहे. काल रात्री बांबू तासताना माझं बोट कापलं. मित्र फडकं घेऊन धावला, मी 'हात लावू नको' म्हणून ओरडलो आणि त्याला ढकललं. सगळे बघत राहिले. 'भूक लागली असेल त्याला' म्हणून कुणीतरी वेळ मारून नेली.

झोप नाही. सोमवारपर्यंत काय करू?

---

फोंड्याचा लॅबवाला

आधी नंबरचं काम कर, बाकी मग. बऱ्याच लॅब रविवारी सकाळी उघड्या असतात. पावतीवरचा नंबर सांग आणि 'रिपोर्ट पाठवू नका, मी स्वतः येऊन घेईन' म्हण. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुझ्या संमतीशिवाय तुझा रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. पण फोनवर कायदा काढत बसू नको. साधं सांग, करतात.

आता टेस्टचं. चौथ्या पिढीची टेस्ट अँटीबॉडीबरोबर पी-२४ नावाचं विषाणूचं प्रथिनही शोधते. शिरेतलं रक्त असेल तर साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडला जातो. नागपंचमी म्हणजे तुझे ४५ दिवस कधीच उलटले. मधल्या काळात पुन्हा काही घडलं नसेल, तर सोमवारचा निगेटिव्ह हा निगेटिव्हच. बोटातून थेंबभर रक्त घेऊन करतात त्या रॅपिड टेस्टला २३ ते ९० दिवस लागू शकतात, म्हणून तिथे तीन महिन्यांनी परत बोलावतात. लोक या दोन गोष्टींची खिचडी करतात आणि नेटवर कुणाचा ४५ तर कुणाचा ९० वाचून गोंधळतात.

रिपोर्ट उशिरा येतो म्हणजे काहीतरी सापडलं, हे डोक्यातून काढ. नमुने साठवून एकदम मशीनवर लावतात, मध्ये रविवार आला की आलाच.

आणि ताप, घसा, गाठी यांवरून एचआयव्ही आहे की नाही हे मलाही सांगता येणार नाही, तुझ्या डॉक्टरलाही नाही. पावसाळ्यात गोव्यात हे कुणाला होत नाही? जीभ तोंडात ठेव.

---

शिस्तप्रिय

लग्नाआधी असले उद्योग केले की हेच होणार. आता भोगा.

---

म्हापशाची सुलूमावशी

शिस्तप्रिय, तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

बाळा, मी म्हापशात वाढलेली. १९८९ मध्ये पर्र्याच्या डॉमिनिक डिसोझाला इथे जुन्या टीबी इस्पितळात कोंडून ठेवलं होतं, ६४ दिवस. गुन्हा काय, तर रक्तदान केलं आणि त्या रक्तात एचआयव्ही निघाला. त्या वेळी गोव्याचा कायदाच तसा होता. आम्हाला घरून त्या रस्त्याने जायची बंदी, जणू वाऱ्यानेच लागतं. तू मित्राला ढकललंस ना, तो त्याच काळातला धाक आहे, आपल्या हाडात भिनलेला.

माझ्या घरातली एक व्यक्ती बरीच वर्षं या आजारासह जगतेय. रात्री जेवल्यावर एक गोळी. बांबोळीच्या जीएमसीतल्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजातल्या एआरटी सेंटरमधून (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) फुकट मिळते. विषाणू रक्तात इतका कमी झालाय की मशीनला सापडत नाही. असं टिकून राहिलं की संबंधातून जोडीदाराला लागत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. तिची तक्रार एकच, जीएमसीत पार्किंग मिळत नाही.

तुझा रिपोर्ट तसा येईल असं मी म्हणत नाही. पण आला तर काय, याला उत्तर आहे, आणि ते तू रात्री वाचतोस तसलं नाही.

---

फोंड्याचा लॅबवाला

मावशींच्या बोलण्याला जोड. पहिल्या टेस्टवर 'रिअॅक्टिव्ह', म्हणजे संसर्गाची शंका, असं आलं तरी तेवढ्यावर कुणी निकाल देत नाही. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मग सांगतात. तेही फुकट, समुपदेशक समोर बसून.

हे दुसऱ्या वाचणाऱ्यांसाठी: कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत सरकारी इस्पितळ गाठा. पीईपीच्या, म्हणजे संसर्ग टाळण्याच्या, गोळ्या २८ दिवस घ्यायच्या असतात. जितक्या लवकर तितकं बरं.

---

रात्रपाळी

मी यातून गेलोय, टेस्ट निगेटिव्ह येऊनही महिनोन्महिने. त्यामुळे आतल्या गोष्टी सांगतो. 'आजपासून चाचपणार नाही' असं ठरवलं की हात जास्तच जातो. मी वेळ ठरवली होती: संध्याकाळी आंघोळीआधी एकदाच. मधे हात गेला की 'संध्याकाळी बघू'. संध्याकाळ होईपर्यंत निम्म्या वेळा विसरायचो. फोटो डिलीट कर, ताडायला काही उरलं नाही की काढायची हौसही कमी होते. आणि मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला.

आज संध्याकाळी नरकासुराकडे जा. तिथे खळ लावायला, कागद चिकटवायला माणसं लागतातच. मित्राला काही सांगायची गरज नाही.

रात्री फारच झालं तर १०९७ लाव, एचआयव्हीचीच राष्ट्रीय हेल्पलाइन, टोल फ्री. मनाच्या त्रासासाठी टेली मानस, १४४१६. आणि निगेटिव्ह येऊनही चाचपणं थांबलं नाही, तर चौथी-पाचवी टेस्ट करत बसू नको, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मी उशिरा गेलो.

---

बोर्डेवाला

फोन लागला. नंबर बदलला, लॅबमधल्या मुलीने कारणही विचारलं नाही. उद्या पाच वाजता जाऊन घेणार, हाफ डे टाकलाय.

जिभेचे फोटो उडवले. एक राहिलं: पुण्याच्या त्या मुलीला सांगायला हवं ना? काय तोंडाने सांगू?

---

म्हापशाची सुलूमावशी

हवं. रिपोर्ट काहीही येवो. 'त्या दिवशी कंडोम फाटला होता, मी टेस्ट केली, तूही करून घे' एवढंच लिही, माफीबिफी नको. पुण्यातही सरकारी इस्पितळांत आयसीटीसी आहेत, तिला पैसे पडणार नाहीत. ती रागावली तर रागावू दे, आणि मेसेज रात्री एक वाजता पाठवू नको.