बाळाच्या चिनी नावात दुर्मिळ अक्षर घ्यावं का?

शांघायची_सून:
नमस्कार मंडळी, मी मूळची नाशिकची, नवरा चिनी, गेल्या आठवड्यात मुलगी झाली. सासरे जन्मवेळ घेऊन नाव काढून देणाऱ्याकडे जाऊन आले, त्याच्या हिशोबाने पंचतत्त्वांपैकी पाणी कमी आहे, म्हणून नावात पाण्याची खूण असलेलं अक्षर हवं. इथपर्यंत ठीक होतं हो, पण सासऱ्यांनी कांगशीच्या जुन्या शब्दकोशातून (१७१६ चा, ४७ हजारांवर अक्षरं) असं काही शोधून काढलंय की नवऱ्यालाही वाचता येईना आणि फोनच्या कीबोर्डवर तर ते येतच नाही. त्यांचं म्हणणं, आडनाव वांग, देशात कोट्यवधी वांग, साधं नाव ठेवलं तर एका वर्गात तीन सापडतील. महिन्याच्या आत हुकोऊमध्ये (सरकारी कुटुंब-नोंदणीत) नाव घालायचंय. पुढे त्रास होतो का खरंच? घरात दोन तट पडलेत 😩

अक्षरवेडा:
अभिनंदन! फॉन्टचं काम करतो म्हणून सांगतो, होतो, आणि चांगलाच होतो. अक्षर जुनं आहे की नवं ह्याच्याशी कॉम्प्युटरला काही देणंघेणं नाही, ते यादीत आहे की नाही एवढंच तो बघतो. १९८० च्या यादीत ६,७६३ अक्षरं होती, चू रोंगची १९९८ मध्ये पंतप्रधान झाले तर त्यांच्याच नावातलं मधलं अक्षर त्यात नव्हतं, कुठे दोन अक्षरं चिकटवून छापायचे तर कुठे मिळतंजुळतं दुसरंच. पंतप्रधानांचं निभावलं, आपलं कोण निभावणार?

२००९ च्या सुमारास बीजिंगच्या एका मुलीची बातमी गाजली होती. आडनाव मा, म्हणजे घोडा, आणि आजोबांनी शब्दकोशातून काढलेल्या नावात तीन घोडे शेजारी शेजारी. दिसायला काय झकास! पण नवीन ओळखपत्र कॉम्प्युटरवर निघायला लागलं आणि पोलिसांच्या सिस्टीमला ते अक्षर येईना, वर तिलाच सांगितलं नाव बदल.

आता परिस्थिती बरी आहे. २०१३ ला सरकारने ८,१०५ अक्षरांची यादी काढली, त्यातली शेवटची १,६०५ मुख्यतः नावं-आडनावं, गावं, शास्त्रीय शब्द असल्यांसाठीच आहेत. कॉम्प्युटरचं नवं मानक ऑगस्ट २०२३ पासून लागू झालं, त्यात ८७,८८७ अक्षरं. पण मानक कागदावर आलं म्हणून बँकेतलं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी बदलत नाही ना! ओळखपत्रावर एक, खात्यावर दुसरं, मग नाव जुळत नाही म्हणून खेटे घाला. रेल्वेच्या तिकिटालाही अक्षर मिळालं नाही तर त्या जागी रोमन लिपीत उच्चार टाका म्हणतात. माझं मत, सासऱ्यांना ८,१०५ ची यादी द्या आणि म्हणा ह्यातलं हवं तेवढं दुर्मिळ काढा.

तैवानचा_पुणेकर:
+१. शिंचूला चिप कंपनीत आहे, इथेही हीच गंमत. २००२ ते २००५ चे पंतप्रधान यू शी-खुन, त्यांच्या नावातलं शेवटचं अक्षर इथल्या कॉम्प्युटरच्या जुन्या बिग-फाइव्ह नावाच्या अक्षरयादीत नव्हतं, म्हणून लोक त्याचे तुकडे करून 'फांग फांग थू' असं लिहायचे आणि तेच त्यांचं टोपणनाव होऊन बसलं. जपानवाल्यांनी ही कटकटच ठेवली नाही, यादीतलंच अक्षर घ्यायचं, नाहीतर नोंदणी नाही. तिथेही २००३ मध्ये एका जोडप्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि त्यांचं अक्षर मान्य झालं, पण बाळाच्या नावासाठी कोर्टात कोण जाईल बाबा.

कोल्हापुरी_मिरची:
अहो ताई आपल्याकडे पण आहेच की! हस्त नक्षत्राच्या एका चरणाला 'ण' येतो, आर्द्राला 'ङ'. आता ङ वरून काय नाव ठेवणार कप्पाळ 😂 म्हणून शास्त्रातच सोय आहे, ङ ला ग, ञ ला ज, ण ला ड घ्या. सासऱ्यांना हे सांगून बघा. आणि चिनी लोकांत घराण्याच्या वंशावळीत वेगळं नाव लिहायची पद्धत होती ना? मग सासऱ्यांचं अक्षर तिथे घाला, सरकारी कागदावर सोपं. आपलं पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं असतं तसं.

शांघायची_सून:
वंशावळीची आयडिया भारी आहे, सासऱ्यांना एकदम पटली, आता वही शोधतायत!! कागदावर तीन पाण्यांचं ते 'म्याओ' घ्यावं म्हणतोय, ८,१०५ मध्ये आहे आणि फोनवर पण येतं. फक्त नवरा म्हणतो पाणी कमी निघालेल्या पोरांची नावं सर्रास हीच असतात.

अक्षरवेडा:
असू देत, दुसरं अक्षर जरा हटके घ्या, नाव दोन अक्षरांचं करता येतंच की. पण 'म्याओ' एकटं ठेवू नका, मांजराच्या आवाजाच्या फार जवळ आहे, शाळेतली पोरं सोडणार नाहीत.